सुतकाच्या घरी

येमिमाने मातीच्या अशेरामायची मान उंबऱ्याच्या दगडावर आपटून मोडली आणि धड राजाच्या कारकुनाच्या टोपलीत टाकलं. दोन्ही हातांनी स्तन पेलून उभी असलेली ती वीतभर बाई, घराघरांतून आलेल्या अशाच देवींच्या तुकड्यांत मिसळून गेली.

"डोकंही टाक," कारकून म्हणाला.

तिने तेही टाकलं.

"याहवे देव एकच. त्याच्या शेजारी कुणी नाही." सकाळपासून दारोदार म्हटलेलं त्याने पुन्हा म्हटलं. "परवा यरुशलेमला त्याच्या स्वतःच्या मंदिरातूनसुद्धा हिचा खांब बाहेर काढला. ओढ्याकाठी जाळून राख केली."

"त्याची बायकोच ना ती?" आतून सासू नोआद्या म्हणाली.

"होती, आजी." टोपली उचलून तो पुढच्या दारी गेला.

येमिमा आत येऊन बसली. मुलगी नऊ दिवसांची. येमिमाचं दूध पाचव्या दिवशीच आटलं होतं. शेळीचं दूध पोटात ठरत नव्हतं. शेजारची होग्ला दिवसातून एकदा पाजून जायची, पण तिचंच पोर हावरट. पाजायच्या आधी अशेरामायच्या छातीला बोट लावायची इथल्या बायकांची रीत होती. येमिमाचं बोट तिच्या रिकाम्या कोनाड्यापर्यंत गेलं आणि मांडीवर परत आलं. मुलीने दोनदा ओढून सोडून दिलं. रडणं तर तिने कालपासूनच सोडलं होतं.

"आता त्यालाच माग," पीठ मळता मळता नोआद्या म्हणाली.

"त्याला काय कळतं दुधातलं?"

"एकटाच उरलाय ना? मग बायकांची कामंही त्यालाच बघावी लागणार. माग, तोंड शिवलंय का?"

त्याला चेहरा नाही, हात नाहीत. बघायचं कुठे? शेवटी येमिमाने समोरच्या कोऱ्या भिंतीकडे पाहिलं. ओठ जरासे हलले.

"काय म्हणालीस?"

"विचारलं, काही खाल्लंस का."

नोआद्याचे हात पिठात थांबले.

"अगं, दूध मागायचं होतं."

"त्याच्या घरातली बाई गेलीय, आत्याबाई. सुतकाच्या घरी आपण भाकरी घेऊन जातो. मागायला कोण जातं?" येमिमाचा आवाज सपाट होता. "सुतकाचे सात दिवस. परवापासून धरले तर अजून पाच."

नोआद्या उठली. पिठाने भरलेला हात उलटा करून तिने मुलीच्या टाळूवर टेकवला. टाळू आत गेली होती.

आजवर त्याच्याशी घरातले पुरुषच बोलत आले होते. तिने सासऱ्यासमोर घ्यावा तसा पदर डोक्यावरून पुढे ओढला, भिंतीसमोर बसली, घसा साफ केला.

"बाबा," ती खालच्या आवाजात म्हणाली, "हिच्याकडे पाच दिवस नाहीत."