खंडेनवमीचा नारळ

आमच्या डेअरीत खंडेनवमीला कॉम्प्युटरची पूजा होते आणि ज्याच्याकडे ॲडमिन, तोच नारळ फोडतो. बाकीच्यांनी कॉम्प्युटरमध्ये नुसतं दुधाचं माप भरायचं. भरलेला आकडा बदलायची मुभा एकट्या ॲडमिनला. इतकी वर्षं तो मान माझा होता. माझा पासवर्ड सगळ्या डेअरीला पाठ होता, कुणी मागितला तर नाही कसं म्हणायचं?

मग यंदा उन्हाळ्यात तालुक्याच्या दूध संघानं फर्मान काढलं: ॲडमिन एकाच माणसाच्या नावावर, पासवर्ड त्याच्यापाशीच, आणि कुणी काय बदललं ते नावानिशी नोंदलं जाणार. चेअरमन बंडप्पांनी नाव दिलं ते नव्या शिवप्रियाचं. का, तर पोरगी शिकलेली! माझा नुसता जळफळाट झाला. मला अख्खं सास्तूर गाव 'ए नागप्पा' म्हणतं, आणि काल आलेल्या पोरीला 'मॅडम'. पासवर्ड टाकताना ती मला तोंड फिरवायला सांगायची. मला!

खंडेनवमीच्या सकाळी बंडप्पांनी मला आत बोलावलं.

"नागप्पा, आजपासनं ॲडमिन तुझ्या नावावर. संघाला कळवलंय."

मी नारळ असा आपटला की पाणी पार भिंतीवर उडालं. मुद्दाम पहिला तुकडा शिवप्रियाला दिला.

"घ्या मॅडम, प्रसाद."

"सांभाळून काका," ती म्हणाली.

जळतेय, असं मला वाटलं आणि फार बरं वाटलं.

पूजेची माणसं पांगल्यावर बंडप्पा माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

"आमच्या म्हशीचं फॅट लई कमी लागतंय, दर पडतोय. ह्या महिन्याचं जरा वाढवून टाक."

"पण अण्णा, इथं माझं नाव उमटतंय."

"उमटू दे की. त्या पोरीला किती डाव सांगितलं, न्हायच म्हणाली. तू न्हाय म्हणणारा न्हाईस, म्हणून तर तुला दिलं."

माझ्या तोंडून "व्हय अण्णा" निघूनसुद्धा गेलं होतं.

आकडा बदलला. खाली माझं नाव आलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. मी मान वर केली. शिवप्रिया दारापाशी खोबरं चघळत दुधाचं माप घेत होती आणि रांगेतली माणसं तिला अजून मॅडमच म्हणत होती. तिच्याकडे आता ॲडमिन नव्हता. तरी मला तिचाच हेवा वाटत होता, आधीपेक्षा जास्त.