पावणेदोनचा टायर

गणिताच्या सरांनी तिसरा चमचा वाकडा केला तेव्हा रविवारचे दहा वाजले होते. सर निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना अजून सगळे सरच म्हणतात. घरातही, बायको तर मुद्दाम चिडवायला म्हणून. पुढच्या खोलीत वर्तमानपत्रं अंथरलेली, त्यावर सायकलचं मागचं चाक आडवं, शेजारी कोराकरकरीत टायर आणि मध्ये सर फतकल मारून बसलेले. टायरची अर्धी कड रिमवर चढायची आणि उरलेली अर्धी अलीकडेच अडून बसायची. ओढा, दाबा, चमच्याच्या दांड्याने उचला, ती काही हलत नव्हती.

सायकल बायकोची. तिच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन आठ महिने झाले होते आणि डॉक्टरीणबाईंनी एकदाची सोमवारपासून सायकलची परवानगी दिली होती. अट एकच, पाय उंच टाकायचा नाही. म्हणून हीच सायकल हवी होती. हिचा दांडा इतका खाली वाकलेला की उंबरा ओलांडावा तसं पलीकडे जाता यायचं. नव्या सायकली ती दुकानात जाऊन बघून आली, एकीवरही तिला धड चढता येईना. "आठ महिने मी कुणी नेईल तिथे जातेय," ती म्हणाली होती. "सोमवारी माझी मी जाणार. लायब्ररीत. सोबत कुणी यायचं नाही." मागचा टायर तेवढा उभं राहून राहून भेगाळला होता. "त्यात काय एवढं? मी बदलतो की!" सर म्हणाले. हौसेला मोल नसतं.

जुना टायर काढताना त्याच्या कडेला २६ × १ ३/४ असे आकडे उठवलेले त्यांनी वाचले होते. वहीत मात्र लिहिलं २६ × १.७५. अपूर्णांक दिसला की त्याचा दशांश करायचा ही त्यांच्या हाताची खोडच. चौतीस वर्षं सातवीला दुसरं काय शिकवलं होतं? मग जुना टायर भंगारात दिला, मोठ्या बाजारातून १.७५चा नवा आणला, आणि इथेच घोडं पेंड खायला लागलं.

पहिला टायर सदोष निघाला असेल म्हणून काल दुसऱ्या कंपनीचा आणला. तोही तसाच. शिवणाच्या टेपने मोजून पाहिलं तर दोन्ही टायर रिमपेक्षा जवळजवळ अर्ध्या इंचाने लहान. आता आकडे तर तेच! सरांनी वहीत तीनला चाराने तीनदा भागून पाहिलं. दर वेळी पंचाहत्तरच आले. मग त्यांना वाटलं, रिमच फुगली असेल. नाचता येईना अंगण वाकडं, पण सरांनी त्याचंही गणित मांडलं. सायकल आठ महिने गॅलरीत उन्हात होती, लोखंड उन्हाने प्रसरण पावतं. उत्तर असं आलं, की अर्धा इंच फुगायला रिमला इतकं तापावं लागलं असतं की ती आधी वितळूनच गेली असती. सर वहीकडे बघत राहिले. गणित चुकत नव्हतं आणि टायर बसत नव्हता, असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. खरं सांगायचं तर त्यांना थोडी भीतीही वाटली.

बायको काठी टेकत दारात आली. "झालं का?"

"होतंय."

"सर, चमचे किती उरले?"

"तीन."

"म्हणजे आता जेवायला एकच पाहुणा बोलवता येईल." मग ती हसायची थांबली. "अहो, पावणेदोनकडे जा ना."

पावणेदोन म्हणजे कोपऱ्यावरची सायकलवाली. वडिलांमागे दुकान तीच बघते. जेवणाची सुट्टी संपवून दुपारी पावणेदोनला दुकान उघडते म्हणून लोक तसं म्हणत असतील, अशी सरांची आपली समजूत होती. त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"ती काय करणार? आकडे तेच, टायर तोच."

"ते मला नाही कळत. मला उद्या जायचंय."

तिचा आवाज चढला नव्हता, पण सरांनी चाक उचललं.

दुकान म्हणजे एक लांबट खोली, भिंतभर खुंट्या आणि खुंट्यांना टायर. सायकलवाली पत्र्याच्या डब्यावर बसून साखळीला तेल घालत होती. सरांना बघताच उठून उभी राहिली. चाळिशीतली बाई, पण उठली ती वर्गात उठतात तशी. तिने चाक घेतलं, अंगठ्याने रिमची कड चाचपली आणि विचारलं, "जुन्यावर काय लिहिलं होतं सर? तीन छेद चार, की पॉइंट सात पाच?"

"एकच ना ते!" सर म्हणाले.

खुंटीवरून तिने दोन टायर काढले आणि जमिनीवर एकावर एक ठेवले. आतली वर्तुळं जुळली नाहीत. खालचा टायर आत सगळीकडून थोडा थोडा डोकावत होता.

"वरचा छेदवाला, खालचा पॉइंटवाला," ती म्हणाली. "दोन वेगळ्या कारखान्यांची मापं. छेदवाला आता क्वचितच लागतो. एका म्हाताऱ्या पोस्टमनसाठी मी दोन ठेवते, त्यातला हा. या मोठ्या आकड्यांकडे बघायचंच नाही सर. खरं माप हे बारीक लिहिलंय. खालच्यावर पाचशे एकोणसाठ, वरच्यावर पाचशे एकाहत्तर. मिलिमीटर."

"पण एक पूर्णांक तीन छेद चार म्हणजे..."

"पावणेदोन," ती म्हणाली. "माझंच नाव. तुम्हीच ठेवलंत."

सरांनी टायरवरून मान वर केली.

"सातवीत होते. तुम्ही फळ्यावर दोन्ही लिहून बरोबरचं चिन्ह काढलंत. मी हात वर करून म्हटलं, सर, हे सारखे नसतात, एकाच्या जागी दुसरा बसत नाही. तुम्ही म्हणालात, बाईसाहेब, तुमच्या डोक्यात बसत नाही तो दोष पावणेदोनचा नव्हे. वर्ग हसला. मला दाराबाहेर उभं केलंत. तेव्हापासून सगळे पावणेदोनच म्हणतात."

सरांनी आठवून पाहिलं. एकोणतीसचा पाढा आठवला, त्या वर्गाचा फळा आठवला, खिडकीची फुटकी काच आठवली. ही मुलगी आठवली नाही. "मला नाही गं आठवत," ते म्हणाले, आणि ते खरं होतं म्हणून त्यांना जास्तच लाज वाटली.

"तुम्हाला कशाला आठवेल?" ती रागावलेली नव्हती. तिने ट्यूबमध्ये जरा हवा भरली, ती आत बसवली आणि छेदवाल्या टायरची कड नुसत्या अंगठ्यांनी रिमवर सरकवत नेली. चमचा नाही की काही नाही. "दुसऱ्या दिवशी दोन्ही टायर खांद्यावर घालून आले होते, तुम्हाला दाखवायला. फाटकापर्यंत आले. मग वाटलं, परत हसतील. परत घेऊन गेले."

टायर बसला. तिने हवा भरली, चाक फिरवून पाहिलं आणि सरांसमोर उभं केलं. बायकोचा सोमवार तयार होता. सरांनी निघायला हवं होतं, पण ते तिच्या डब्यावर टेकले. जमिनीवर उरलेल्या त्या एका टायरकडे बघत म्हणाले, "चूक माझी होती. तेव्हाही आणि आजही. तुला बाहेर उभं करायला नको होतं."

तिने कापडाला हात पुसले. मग पोस्टमनचा दुसरा टायर काढून तिने जमिनीवरच्या टायरजवळ ठेवला आणि विचारलं, "पण सर, कळलं का?"

हा प्रश्न सरांनी चौतीस वर्षं रोज विचारला होता आणि वर्ग रोज एका सुरात हो म्हणाला होता. त्यांच्याही तोंडात हो आलं होतं.

"नाही," सर म्हणाले. "सारखे आहेत आणि सारखे नाहीत, हे काही माझ्या डोक्यात बसत नाही."

"मग परत सांगते," ती म्हणाली, आणि दोन्ही टायर उचलून त्यांच्या मांडीवर ठेवले.