नाहीसाहेबांचा सत्कार

"तू उभं काय केलंस, तेवढं सांग," पट्टीने पेनाचं टोपण काढत विचारलं.

"काही नाही."

"असं कसं काही नाही? सगळा जन्म इंजिनिअर म्हणून काढलास ना?"

"दुसऱ्यांनी उभं केलेलं तपासलं. आपण काही उभं केलं नाही."

आतून नाहीसाहेबांची बायको म्हणाली, "खरंच सांगतायत हो भाऊजी. आमच्या घरात साधा खिळासुद्धा माझ्या भावानं ठोकून दिलाय."

पट्टी हा त्यांचा कॉलेजातला सोबती. तेव्हा त्याच्या खिशात कायम मोजपट्टी असे, म्हणून ते नाव पडलं आणि चिकटलंच. आता तो माजी विद्यार्थ्यांच्या संघटनेचा चिटणीस होता. त्यांच्या इंजिनिअरिंग कॉलेजात दरवर्षी नाव काढलेल्या जुन्या विद्यार्थ्यांचा सत्कार होई. कुणी धरण बांधलेलं असे, कुणी पूल, कुणी परदेशात कारखाना काढलेला असे. यंदा पट्टीने हट्टाने आपल्या मित्राचं नाव पुढे रेटलं होतं आणि आता पितळी पाटीवर कोरायला मजकूर सापडेना.

कारण ते बॉयलर इन्स्पेक्टर होते. बॉयलर थंड झाला की हातोडी आणि बॅटरी घेऊन आत शिरायचं. पत्रा ठोकत आवाज ऐकायचा. खणखणीत आला तर पुढे सरकायचं, बद्द वाजला की खडूने गोल करायचा. बाहेर येऊन एकच शब्द बोलायचा, हो किंवा नाही. नाही म्हटलं की दुरुस्ती होईपर्यंत कारखाना बंद. ते इतक्या वेळा नाही म्हणाले, की कारखानदार त्यांना पाठीमागे नाहीसाहेब म्हणू लागले. "लग्नाला तेवढं हो म्हणाले," बायको सांगायची, "तेही मला ठोकून बघता येत नव्हतं म्हणून."

नाही म्हणणाऱ्याची बदली लवकर होते. बिऱ्हाड पाठीवर घेऊन ती त्यांच्यामागे गावोगाव फिरली. मुलीची शाळा दर खेपेला अर्ध्यात सुटली.

"सुरुवातीला तू वीजकेंद्राच्या कामावर होतास ना?" पट्टीला एकदम आठवलं.

"होतो. आपल्या लंबूच्या हाताखाली. केंद्र लंबूनं उभं केलं."

"लंबू गेला बिचारा. मी आपलं लिहितो, वीजकेंद्राच्या उभारणीचे शिल्पकार. खोटं आहे का त्यात काही?"

"सगळंच."

"अरे नाहीसाहेब, जन्मात एकदा तरी हो म्हण की!"

बायको हात पुसत बाहेर आली. "लिहा हो तुम्ही," ती पट्टीला म्हणाली. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "दर घराच्या खिडक्यांच्या मापाचे पडदे मी नव्यानं शिवलेत. लोकांनी तुमच्यासाठी टाळ्या वाजवलेल्या एकदा मला ऐकायच्यात."

या वेळी मात्र त्यांनी नाही म्हटलं नाही. पट्टीने लिहून टाकलं.

सत्काराच्या दिवशी सभागृह भरलं होतं. पाटीवरचा मजकूर वाचून दाखवला गेला. टाळ्या झाल्या, चांगल्या घसघशीत झाल्या. पहिल्या रांगेत बायको ताठ बसून त्या ऐकत होती.

त्या कॉलेजात एक रीत होती. सत्कार झाला की शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने पाहुण्याला प्रश्न विचारायचा. एक मुलगी उभी राहिली. "सर, वीजकेंद्र उभारताना सगळ्यात अवघड दिवस कोणता होता?"

लंबूच्या तोंडून ऐकलेले अवघड दिवस त्यांना पुष्कळ ठाऊक होते. त्यातला एखादा सांगितला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. त्यांनी बायकोकडे पाहिलं. मग माईक जरा जवळ ओढला.

"ते मला सांगता येणार नाही. ते काम माझ्या मित्राचं. तो असता तर रंगवून सांगितलं असतं त्यानं. मी त्याच्या हाताखाली पाइपांचे जोड बघत होतो."

पट्टी आपल्या बुटांकडे बघू लागला. मुलगी गोंधळली, पण खाली बसली नाही. "मग तुमचा अवघड दिवस?"

"एका कागद कारखान्याचा बॉयलर मी नाही म्हणून बंद केला होता. मालक ओरडला, त्याचं काही वाटलं नाही. पण कामगार हात जोडून फाटकाशी उभे होते. दुरुस्ती लांबली. त्यांच्या चुली थंडावल्या. मग आमच्या घरावर दगड आले."

"तो बॉयलर फुटला असता का, सर?"

"माहीत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे ते कधीच कळत नाही, बाळ. ते कुणाला कळू नये, एवढ्यासाठीच मला पगार होता."

टाळी वाजवावी की नाही, कुणालाच समजेना. एकदोघांनी हात उचलले आणि तसेच खाली नेले. त्यांनी पाटी पट्टीच्या हातात दिली. आवाजात राग नव्हता. कारखान्याच्या फाटकात बोलत तसेच ते बोलले, "मजकूर दुरुस्त करून दे. मग घेतो."

परतीच्या बसमध्ये बायको खिडकीबाहेर बघत होती.

"दगड होते ना ते?" ती म्हणाली. "तुम्ही तर सांगितलं होतंत, पोरांचा चेंडू लागला."

"हो."

"काचा मीच वेचल्या होत्या. चेंडू काही सापडला नाही घरात."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"केवढ्या मेहनतीनं खोटं बोलला होतात. सवय नाही तुम्हाला. म्हटलं, राहू दे."

ते हसले नाहीत, तीही हसली नाही. उतरायची वेळ झाली तेव्हा तिने त्यांचा कोट झटकून दिला आणि म्हणाली, "टाळ्या बऱ्या होत्या, पण."

पाटी दुरुस्त करून पाठवतो, असं पट्टी फोनवर म्हणाला. पुढे आणखी एकदा म्हणाला. मग पुढच्या वर्षीच्या सत्काराची तयारी सुरू झाली, आणि त्याचा फोन येईनासा झाला.

समारंभाला निघण्याआधी बायकोने कपाटावरचं घड्याळ उतरवून खिडकीत ठेवलं होतं आणि तिथली जागा मोकळी केली होती. घड्याळ अजून खिडकीतच आहे. सकाळी घर झाडून झालं की ती खुर्चीवर चढते आणि कपाटावरची ती रिकामी जागा ओल्या फडक्याने पुसून घेते.