वीतभर पाण्याचा बाप्तिस्मा

मी हौद बोलतोय. गुरांना पाणी पाजायचा नव्हे, बाप्तिस्म्याचा. यावलच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी एक पाडा आहे. तिथल्या पत्र्याच्या चर्चमागे निंबाच्या झाडाखाली माझी जागा. सहा फूट लांब, चार फूट रुंद, साडेतीन फूट खोल आणि आत उतरायला चार पायऱ्या. आज माझ्या तळाला भोक आहे. मला पुन्हा कुणी भरणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून इतकी वर्षं पोटात ठेवलेलं एकदाचं सांगून टाकतो.

मला बांधलं तेरसिंगनं. तो दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत गवंडीकाम करायचा. तिथल्याच राखेच्या विटा त्यानं ट्रॅक्टरनं आणल्या. कोळसा जळतो, वीज तयार होते आणि जी राख उरते तिच्या या विटा. म्हणजे मी मुळात जळून उरलेला. हे कुणी बोलून दाखवलं की मला तेव्हा राग यायचा. आता येत नाही.

मला बांधायची कल्पना पास्टर जगदीशची. तो याच पाड्यावरचा. धुळ्याला तीन वर्षं बायबल शिकून परत आला होता. त्याच्याआधी इथं पुना आबा होते. त्यांच्याकडे हातात मावेल एवढी पितळी वाटी होती. वाटीत तीन बोटं बुडवायची, कपाळावर तीनदा पाणी लावायचं, पित्याचं, पुत्राचं आणि पवित्र आत्म्याचं नाव घ्यायचं, की झाला बाप्तिस्मा. पाड्यावरच्या निम्म्या लोकांच्या कपाळाला त्या वाटीचं पाणी लागलेलं. जगदीशच्याही.

जगदीशला ते पटेनासं झालं होतं. मनाचा सरळ माणूस, त्यात नवं शिकून आलेला. पहिल्याच रविवारी त्यानं विचारलं, "मेलेल्या माणसावर चिमूटभर माती टाकून आपण घरी जातो का? पूर्ण पुरतो ना? बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं आणि त्याच्याबरोबर उठणं. जो पाण्याखाली गेलाच नाही, तो उठणार कुठून?" मग माझं खोदकाम सुरू झालं.

तळाचं काँक्रीट ओलं असताना जगदीश ती वाटी घेऊन आला. म्हणाला, "जुनी रीत आपण इथं पुरू." त्यानं वाटी पालथी ठेवली. तेरसिंगनं थापी खाली टाकली.

"भाऊ, पितळ नि सिमिट एकमेकले धरत नही. हाई जागा एक दिन फुटी."

"फुटत नही. वरतून चांगला गिलावा कर."

तेरसिंगनं गिलावा केला. अशी ती वाटी माझ्या पोटात गेली.

वर्षातून एकदा, ईस्टरच्या आदल्या दिवशी, माझं भाग्य उजळायचं. बाया हापशीवरून हंडे आणायच्या. मला भरायला दीडशे हंडे लागतात. एरवी वर्षभर माझ्यात वाळका पाला, कोंबड्या आणि पोरांच्या हरवलेल्या गोट्या. कुणी मका वाळत घातला तरी मी गुमान सोसायचो, कारण त्या एका रविवारी मी राजा होतो.

लोक पांढऱ्या कपड्यांत यायचे. जगदीश कमरेएवढ्या पाण्यात उभा राहायचा. समोरच्या माणसानं छातीवर हात जुळवायचे, जगदीशनं एक हात मानेखाली घालायचा, दुसऱ्या हातानं नाकावर रुमाल धरायचा आणि मागे झुकवून माणूस पूर्ण पाण्याखाली न्यायचा. एक क्षण वर कुणीच दिसायचं नाही. मग माणूस उसळून वर यायचा. एवढं मोठं मरण मरून परत आलेला माणूस सगळ्यात आधी काय करतो, सांगू? नाक पुसतो आणि चपला कुठं काढल्या ते बघतो. मला हसू यायचं. पण अभिमानही वाटायचा. या माणसाचं जुनं आयुष्य माझ्या तळाशी राहिलं, असं मी मानायचो.

फक्त एक गोष्ट मला खटकायची. माणूस वर आला की माझ्या तळातून एक नाद उठायचा. बारीक, लांबणारा. वर कुणाला ऐकू जात नसे. ती पालथी वाटी वाजायची. माणसागणिक एकदाच. मला वाटायचं, ती मला हिणवतेय. मी कान बंद करून घ्यायचो.

आता गुंताबाईचं सांगतो. तिच्यासाठीच तर बोलायला बसलोय.

गुंताबाई ही तेरसिंगची आई. तिला तेरसिंगच्या आधीची एक मुलगी होती, कोकिळा. नवरा प्रभूला मानणारा, म्हणून तान्ह्या कोकिळेला पुना आबांनी त्या वाटीतलं पाणी लावलं होतं. गुंताबाई तेव्हा चर्चची पायरीही चढत नसे. कोकिळा सहा वर्षांची असताना पाझर तलावात बुडाली. पोरीला बाहेर काढलं ते गुंताबाईनंच. त्यानंतर ती देवाशी कित्येक वर्षं बोलली नाही. पुना आबांच्या मातीला मात्र आली, आणि पुढच्या रविवारपासून चर्चमध्ये मागच्या भिंतीला टेकून बसू लागली. गाणी म्हणू लागली. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस समोरून गेला की मान खाली घालायची, कारण बाप्तिस्मा झालेला नव्हता.

दर ईस्टरला मला भरायला गुंताबाई सगळ्यात जास्त हंडे आणायची. डोक्यावर पाणी घेऊन निम्मा पाडा चालून येणारी ही बाई पाण्याखाली डोकं घालायला मात्र धजत नसे. पहिल्या पायरीवर पाऊल ठेवायची. पाणी घोट्याला लागलं की तिचे डोळे पांढरे व्हायचे आणि ती परत फिरायची.

एकदा पाणी ओतून झाल्यावर ती जगदीशला म्हणाली, "भाऊ, आबानी कोकिळाले लायेल पानी वाया गये का?"

जगदीश गडबडला. "लेकरू देवाजोडे शे, अक्का. लेकराले काही लागत नही."

"मंग जे लेकराले चालस ते माले का नही चालत? ती वाटी काढ ना. तिले जे पानी लागनं, तेच माले लाव."

"अक्का, ती वाटी आते पुरी गयी. नि बाप्तिस्मा म्हंजे बुडनंच शे."

ती रिकामा हंडा काखेत घेऊन गेली. ती काय मागत होती ते मला तेव्हाच कळलं होतं. तिला पोरीच्या वाटेनं पोरीकडे जायचं होतं. पण मी माझ्या साडेतीन फुटांच्या तोऱ्यात होतो. जगदीशचं बरोबर आहे, असंच मला वाटलं.

गेल्या वर्षी तिच्या छातीनं दगा दिला. जळगावच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. ईस्टरला आठ दिवस होते. तिनं जगदीशला बोलावून घेतलं आणि म्हणाली, "बुडाव माले. कोकिळा जठे गयी तठे मी बी जासू." त्या वर्षी बाप्तिस्मा घेणारी ती एकटीच होती. शनिवारी बायांनी मला काठोकाठ भरलं.

आणि त्याच दिवशी तेरसिंगचे शब्द खरे झाले. वाटीच्या कडेनं गिलावा तडकला. पाणी झिरपत गेलं. मी जीव खाऊन धरून ठेवत होतो, पण पाणी थांबतं थोडंच! सकाळी लोक जमले तेव्हा माझ्यात वीतभर पाणी उरलं होतं. हापशीलाही पाणी येईना, ती आदल्या दिवशी मला भरायलाच उपसलेली.

तेरसिंगनं आईला उचलून आणलं होतं. तिनं त्याचा हात सोडला आणि स्वतः उतरली. पहिली पायरी. दुसरी. तिसरी. चौथी. आजवर ती इतकी खाली कधी आली नव्हती. पांढरं लुगडं सावरत ती त्या वीतभर पाण्यात बसली. भेगेतून वाटीची पिवळी कड दिसत होती. तिनं कडेवरून हात फिरवला. मग ओंजळ भरून पाणी डोक्यावर घेतलं, डोळे उघडे ठेवून. एकदा, दोनदा, तीनदा. नावं तिला पाठ होती. तिनं ती घेतली.

मग मान वर करून, झाला ना आता, अशा आशेनं तिनं विचारलं, "भाऊ, व्हयना का मन्हा बाप्तिस्मा?"

जगदीश काठावर उभा होता. त्याचे ओठ हलले. त्याला हो म्हणायचं होतं, हे मी पाहिलं. पण इतकी वर्षं तो ज्यांना सांगत आला होता ते सगळे मागे उभे होते.

"नही, अक्का. असा व्हत नही. येत्या ऐतवारले टँकर मागाडसूत. थोडी थांब."

ती आणखी थोडा वेळ बसून राहिली, उत्तर बदलेल म्हणून. गुरुवारी ती गेली.

तिला कोकिळेशेजारीच पुरलं. जगदीशनंच प्रार्थना केली. पण "ख्रिस्ताबरोबर पुरलेली" हे शब्द आले तेव्हा तो अडखळला आणि पुढचं वाक्य घेतलं.

त्यानंतर माझं वागणं बदललं म्हणतात. मी काय करणार? माझ्या तळावर, जिथं ती बसली होती तिथं, बसलेल्या बाईएवढा ओला डाग राहिला. वैशाखात इकडं पत्र्यावर हात ठेवला तर फोड येतो. चार दिवसांत माझं उरलेलं पाणी आटलं, पायऱ्या पांढऱ्या पडल्या, पण तो डाग वाळेना. कोंबड्या त्याच्यावर बसत नसत. पोरं गोटी तिथं गेली की परत न्यायला येत नसत. तेरसिंग वाकून बघायचा, म्हणायचा, "झिरप शे." आणि थापी उचलून कामावर जायचा.

भरदुपारी, सगळा पाडा झोपलेला असताना, जगदीश येऊन पहिल्या पायरीवर बसू लागला. डागाकडे बघत बसायचा. कधी एकदम म्हणायचा, "माले काय करनं व्हतं, अक्का?" मग स्वतःच दचकून इकडंतिकडं बघायचा. त्याला तिचा प्रश्न ऐकू येत होता. मलाही येत होता. तोच, त्याच आवाजात. व्हयना का? पुढच्या एका रविवारी पुरण्या-उठण्यावर बोलताना तो मधेच थांबला, पुस्तक मिटलं आणि लोकांना गाणं म्हणायला सांगितलं.

यंदा ईस्टरच्या आधी रोशनी आली. तेरसिंगची मुलगी, धुळ्याला नर्सिंग शिकते. ती जगदीशला म्हणाली, "मला बाप्तिस्मा घ्यायचाय, पास्टर. पण त्या वाटीनं."

"रोशनी, ती पुरलीय."

"मग काढा. आमच्या वॉर्डात नळ्या लावलेली माणसं असतात. त्यातल्या कुणी मागितला तर तुम्ही त्याला हौदात घालणार? आजीनं तर मागितला होता. ती पाण्यात बसून तुम्हाला विचारत होती, पास्टर."

जगदीश मागे उभ्या असलेल्या तेरसिंगकडे वळला आणि म्हणाला, "तेरसिंग, छिन्नी आण."

बारा वर्षांपूर्वी ज्या हातांनी मला लिंपलं त्याच हातांनी मला फोडलं. दुखलं, खोटं कशाला बोलू! वाटी हिरवी पडली होती, एका बाजूनं चेपली होती. जगदीशनं ती स्वतः चिंच लावून घासली. रविवारी तो माझ्या काठावर उभा राहिला, रोशनी खाली डागाजवळ गुडघे टेकून बसली. त्यानं वाटीनं तिच्या डोक्यावर पाणी ओतलं, तीनदा. पाणी डागावर सांडलं आणि भोकातून मातीत गेलं.

रोशनीनं मान वर केली. तिनं मुद्दामच विचारलं. "झाला का?"

मागे सगळे उभे होते, गेल्या वर्षीचेच.

"व्हयना," जगदीश म्हणाला. आणि मग पायऱ्या उतरून शेवटच्या पायरीवर बसला, त्या ओल्या जागेवर हात ठेवला आणि म्हणाला, "अक्का, तुन्हा बी व्हयना. माले माफ कर." मोठा माणूस लोकांसमोर ढसाढसा रडला. तेरसिंगनं त्याला उठवलं.

सगळे घरी गेले. डाग अजून आहे. माफी वर्षभर उशिरा आली तर ती कुठवर पोचते, ते मला माहीत नाही.

आता माझं. जगदीशनं कबूल केलं, मी अजून केलेलं नाही.

त्या दिवशी गुंताबाईनं तिसरी ओंजळ डोक्यावर घेतली आणि माझ्या तळातून नाद उठला होता. बारीक, लांबणारा, एकदाच. जगदीश ज्यांना ज्यांना पूर्ण बुडवून वर काढायचा त्यांच्या वेळी उठायचा, तोच. मी तो नीट ऐकला. आणि तरी, माझ्यात साडेतीन फूट पाणी नसताना हे होतंच कसं, अशा रागानं मी तो ऐकलाच नाही असं स्वतःला सांगितलं. ती वर बघून विचारत होती तेव्हा त्या सगळ्यांत उत्तर फक्त मला माहीत होतं. हौदाला तोंड नसतं, हे खरं. पण तेव्हा मला बोलायचंही नव्हतं.

तुम्ही माझ्यात माती भरा, तुळस लावा नाहीतर झेंडू लावा, माझी तक्रार नाही. फक्त ती बसली होती त्या जागी कुणी बसलेलं दिसलं, भरदुपारी कुणी काही विचारताना ऐकू आलं, तर घाबरून पळू नका. वाका आणि तिला माझा निरोप सांगा.

वाटी वाजली होती, गुंताबाई. मी ऐकली होती.