दहावं नाव

आईने यादी टेबलावरून परत सरकवली आणि म्हणाली, "पुन्हा वाच."

प्रवास कंपनीतल्या जोआनने तिसऱ्यांदा नावं वाचली. थोरला केंग हाऊ, त्याची बायको, दोन मुलं. मग मधली बी लेंग, तिचा नवरा, दोन मुलं. शेवटी आई. एकूण नऊ. सिंगापूरहून पेनांग, फुकेत आणि परत. जहाजावर तीन खोल्या.

"चार, चार आणि एक," जोआन म्हणाली. "एका खोलीत चौघं राहिलात की तिसऱ्या-चौथ्याला निम्मं भाडं. पण आजींना एकटीला दोघांचे पैसे पडतील. एखादं नातवंड झोपवा ना त्यांच्याजवळ."

"नको गं बाई. रात्रभर लाथा मारतात."

केंग हाऊने सुस्कारा सोडला. आईला पंचाहत्तरावं लागतंय म्हणून जहाजाचा घाट त्यानेच घातला होता, पण पाकिटाला हात घालायची वेळ आली की त्याचा चेहरा दाढ दुखत असल्यासारखा होई.

"दहा जण असते तर गटाची सवलत लागली असती," जोआन म्हणाली. "दहावा माणूस धरूनही एकूण कमीच पडलं असतं."

"मग लिही दहावं," आई म्हणाली. "क्वेक बून तियाम."

जोआनने लिहू की नको अशा नजरेने केंग हाऊकडे पाहिलं.

"तो कसला येतोय!" केंग हाऊ हसला. मग त्याच्या मनात हिशेब झाला असावा. "पण नाव घालायला आपलं काय जातं? न आलेल्याला दंड करतात का?"

"दंड नाही. पण पासपोर्टचा नंबर खरा लागेल."

"बी लेंग विचारेल," आई म्हणाली. बी लेंगकडे तिने पाहिलंही नाही.

तियाम धाकटा. सात वर्षांपूर्वी तो चर्चमध्ये जायला लागला आणि आपल्या आजीच्या अंत्यविधीत त्याने नमस्काराची अगरबत्ती हातात घेतली नाही. मान खाली घालून उभा राहिला, एवढंच. बाबांनी सगळ्या भावकीसमोर सांगितलं, मला दोनच मुलं. दोन वर्षांनी बाबा गेले, तेव्हा वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेचा फॉर्म बी लेंगने भरला. अशा वार्तेत सुना, जावई, नातवंडं, सगळ्यांची नावं येतात, आणि ज्याचं येत नाही त्याचं काय ते लोक समजून जातात. "बाबांनी सांगितलं होतं तेच लिही," असं केंग हाऊ शेजारी उभा राहून म्हणाला आणि तिने तियामचं नाव गाळलं. आईला वाचता येत नाही. सातव्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या शेजारणीने कौतुकाने तो कागद वाचून दाखवला, तेव्हा तिला कळलं. त्यावर आई बी लेंगला एक अक्षर बोलली नाही. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

यादी केली त्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून बी लेंगने फोन लावला.

"तियाम? ताई बोलतेय."

त्याचा पहिला प्रश्न, "आई बरी आहे ना?"

"बरी आहे. अरे, ते..." आईला तू हवा आहेस, एवढंच सांगायचं होतं. पण तो नाही म्हणाला तर? आणि हो म्हणाला तर त्याच्यासमोर चार दिवस कोणत्या तोंडाने वावरायचं? "जहाजाचं बुकिंग करतोय. दहा नावं झाली की सवलत मिळते. तुझा पासपोर्ट नंबर हवा होता. नुसतं नाव घालायला. तुला यायला नको, काही नको."

"नुसतं नाव."

"हो."

त्याने नंबर सांगितला. एकदा सांगून पुन्हा एकेक आकडा सावकाश सांगितला. "नीट लिहिलंस ना?" असंही त्याने विचारलं.

आईला तिने एवढंच सांगितलं, की नंबर दिला त्याने. त्या आठवड्यात आईने त्याच्या मापाच्या दोन हाफ पँट आणून आपल्या बॅगेत ठेवल्या. बी लेंगने त्या पाहिल्या आणि बॅगेची चेन लावली.

निघायच्या दिवशी बंदरावर गर्दी होती. मुलं बॅगांवर बसून भांडत होती. आई दाराकडे तोंड करून खुर्चीत बसली होती आणि आत जायचं नावच काढत नव्हती. प्रवाशांच्या नोंदणीची खिडकी बंद व्हायला चाळीस मिनिटं उरली होती.

"आई, तो येणार नाहीये," केंग हाऊ वैतागून म्हणाला. "सवलतीसाठी नाव होतं ते."

"नंबर दिलाय त्याने. यायचं नसतं तर कशाला दिला असता? तुला कळत नाही, गप बस."

बी लेंगने खांबामागे जाऊन फोन लावला.

"तियाम, आई बंदरावर तुझी वाट बघत बसलीय. आत जायला तयार नाही."

"माझी?"

"हो."

पलीकडे सामानाच्या गाड्यांचा खडखडाट चालू होता. "मी कामावर आहे गं. विमानतळावर. आता निघालो तरी कसा पोचणार? तू तर म्हणालीस यायला नको."

"हो. म्हणाले मी."

"आधी सांगायचंस ना, ताई. सुट्टी काढली असती मी."

तो रागावला नव्हता. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

ती परत आली ती सगळं सांगून टाकायचं ठरवून. गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून आई तिच्या तोंडाकडे बघत होती. पाच वर्षांत तिने लेकीकडे असं सरळ पाहिलं नव्हतं.

"काय म्हणाला?"

"सुट्टी... सुट्टी नाही मिळाली म्हणाला."

आई खुर्चीचा हात धरून उठली.

"म्हणजे यायचं होतं त्याला."

"हो आई. यायचं होतं."

"कोण मेला साहेब आहे त्याचा?" आईचा आवाज चढला, रांगेतले लोक वळून बघू लागले. "त्याला काय आई नाही? पोराला आईपासून तोडणाऱ्याचं कधी भलं होणार नाही. सांगून ठेवते, कधी भलं होणार नाही त्याचं."

फाटकापर्यंत ती त्या साहेबाला तळतळाट देत चालली होती, आणि बी लेंग तिची बॅग घेऊन मागून ऐकत जात होती.