सात नंबरच्या उंदराचं पारणं

मी सात नंबरचा उंदीर बोलतोय. शी म्हणू नका! मी गटारातला नव्हे. कुंभकोणमच्या एका कॉलेजातल्या प्रयोगशाळेत जन्मलेला, पांढराशुभ्र, शिकल्यासवरल्यांत वाढलेला आहे.

माझ्या मालकीणबाई डॉक्टर पंकजा. एक जीव दुसऱ्यासाठी धावतो तेव्हा मेंदूत काय घडतं, हे शोधण्यात त्यांची चौदा वर्षं गेली. परदेशी शिकल्या, परत आल्या. लग्नाचं विचारलं की म्हणतात, "आधी उंदरांचं होऊं दे!"

प्रयोग सोपा. एकीकडे केळं, दुसरीकडे नळीत अडकलेला माझा सोबती नऊ नंबर. उपाशी उंदीर आधी कुठे जातो? चेन्नईहून अनुदान खात्याचे मुकुंदराव तपासायला येणार होते. त्यांची सही झाली तर काम चालू, नाहीतर प्रयोगशाळेला कुलूप.

नेमकी त्या दिवशी द्वादशी. बाईंनी एकादशी धरलेली, म्हणून त्यांची आई सुब्बलक्ष्मी सकाळीच पारण्याचा डबा घेऊन आल्या. आमची रिकामी वाटी पाहून कळवळल्या. "अय्यो, द्वादशी दिवशीं अस्कीं उपाशी? एकालाही दाणा नाहीं? पाप लागेल की!" लेक हात धुवायला गेली तेवढ्यात पिंजऱ्यात भात, हदग्याची भाजी, आवळ्याची पचडी! उंदरांना ढेकर येत नाही, नाहीतर दिलीच असती.

मुकुंदराव आले. केळ्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही. धावत जाऊन नळीचं दार ढकललं, नऊ नंबर बाहेर! टाळ्याच टाळ्या! सहीसाठी पेन निघालं आणि पंकजाबाईंना माझ्या मिशीवर भाताचं शीत दिसलं. गुपचूप पुसलं असतं तर कुणाला कळलं असतं? पण त्या म्हणाल्या, "सर, हा जेवलेला आहे. हें धरूं नका."

मला असा राग आला म्हणता!

शुक्रवारी पुन्हा प्रयोग. या खेपेला पोटात कावळे ओरडत होते. आणि काय सांगू, मी आधी केळ्याकडेच पळालो. एक घास घेतला, दुसरा घेतला. बाईंचा चेहरा पडला. मग नळीतून नऊ नंबरची चीं चीं ऐकू आली आणि तिसरा घास काही गिळवेना. दार उघडलं. उरलेलं केळं दोघांनी खाल्लं.

बाईंनी तेही जसंच्या तसं लिहिलं. मुकुंदराव वाचून खो खो हसले. "मीही असाच आहें, अम्मा. आधीं जेवतों, मग चांगला होतों." आणि सही केली.

आता मी म्हातारा झालो. नऊ नंबरच्या पाठीला पाठ लावून झोपतो. एकच विनंती आहे, मंडळी. भुकेल्याला आपमतलबी म्हणण्याआधी दोन घास खाऊ द्या. मग सोबत्याची हाक त्यालाही ऐकू येते.