पाहिलेली पोरगी

भादव्याचं ऊन कडक पडलं होतं. रुपाबाईने मुगाच्या शेंगा अंगणात पसरायला लावल्या होत्या आणि सून योगिनी भिंतीच्या सावलीला बसून त्यातल्या वाळलेल्या सोलत होती. शेलूबाजारच्या अलीकडचं हे गाव. घराच्या अंगणाची भिंत आणि शाळेची भिंत एकच. पलीकडे प्रार्थना होते, पाढे होतात, हजेरी होते. अलीकडे योगिनी भाकरी थापते, भांडी घासते, शेंगा सोलते. आषाढात शाळा उघडली तेव्हा पहिल्या घंटेला तिचे पाय आपोआप उठले होते. आता उठत नाहीत. पायांनाही कळतं, कुठे जायचं नाही ते.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला.

"हे पाहा, आमच्या शाळेमागची वाकडी बाभूय. हिच्या शेंड्यावरून दगड सोडला तं तो बुडाशी पडते काय? नाही पडत. बाहीर पडते."

योगिनीचा हात शेंगेवर थांबला. आवाज तिचा स्वतःचाच होता.

"तसाच हा लंब. विशालकोन त्रिकोणात तो आत मावत नाही, मंग खालची बाजू लांबवा लागते. पण बाहीर पडला तरी तो त्याच त्रिकोणाचा हाये, दुसऱ्याचा नाही."

वर्गातली पोरं हसली, मग गुरुजी काहीतरी म्हणाले, मग पोरं एका सुरात म्हणाली की बाहेर पडला तरी तो त्याच त्रिकोणाचा. योगिनीने शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला टाकलं. तिला वाईट वाटलं नाही. बरंही वाटलं नाही. कोण्या तरी पोरीचा आवाज होता, भिंतीपलीकडे शिकवत होता, एवढंच.

शेवटी ती पोरगी म्हणाली, "पुढच्या भागात आपण मध्यगा पाहू." आणि आवाज बंद झाला.

तो पुढचा भाग कधी झालाच नाही. का झाला नाही, ते सांगण्यासारखं आहे. कारण यात कोणी राक्षस नव्हता. सगळी चांगली माणसं होती.

अनसिंगजवळच्या तिच्या माहेरच्या शाळेत मागच्या वर्षी मोठा डिजिटल फळा आला. गावाने वर्गणी केली, नारळ फोडला, फळ्याला हळदकुंकू लावलं. वैजयंती मॅडमना आनंद झाला. त्या इंटरनेटवरून धडे शोधून आणत, फळ्यावर लावत. फळ्यावरचे सर असे काही शुद्ध बोलत की पोरं तोंडाकडे पाहत राहत. एकदा शिरोलंबाचा धडा चालू होता आणि कोणालाच काही उमजत नव्हतं, तेव्हा आठवीतली योगिनी उठली आणि खिडकीतून बाभळीकडे बोट दाखवून तिने तो आपल्या बोलीत सांगितला. साऱ्या वर्गाला कळला. मॅडमनी तिला दुसऱ्या दिवशी फळ्यापुढे उभं केलं, मोबाईल धरला, आणि तो धडा आपल्या चॅनलवर टाकला.

तो व्हिडिओ पळाला. दूरदूरच्या शाळांनी लावला. खाली लोकांनी लिहिलं, शाबास बेटा. काहींनी लिहिलं, कोण्या गावची आहे पोरगी? हा दुसरा प्रश्न गणिताचा नव्हता, पण तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

बाप शालिग्राम आधी हरखला. चहाच्या टपरीवर ज्याला त्याला मोबाईल काढून दाखवायचा. मग टपरीवरच कोणीतरी म्हणालं की भाऊ, पोरगी अंगानं भरली हो तुमची. झालं. त्या दिवसापासून त्याने मोबाईल खिशातच ठेवला. रिठदच्या आत्याने तो व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता, तिथून तो शेलूबाजारकडच्या उकंडरावांच्या घरी पोचला. उकंडरावांचा मुलगा ऋषिकेश, स्वतःची जीप, शेलूबाजार ते वाशीम फेऱ्या मारायचा. महिन्याभरात निरोप आला.

आपल्याकडे मुलगी पाहतात. पोहे करतात, पाटावर बसवतात, नाव विचारतात, चालून दाखवायला लावतात. उकंडरावांनी फोनवर सांगितलं, त्याची काही गरज नाही.

"पाव्हणं, पोरगी आमी पायली हाये. मोबाईलवर. बोलते बी झकास. आता पोह्यायचा खर्च कायले?"

शालिग्रामला हा मोठेपणा वाटला. असे पाहुणे कुठे मिळतात? त्याची बायको दुर्गाबाई चुलीपुढून एवढंच म्हणाली की तिले नववी तं होऊ द्या. शालिग्राम तिच्यावर ओरडला नाही. शांतपणे, समजुतीच्या सुरात बोलला, आणि तेच वाक्य योगिनीच्या कानात बसलं.

"हजारो लोकायनं पायली तिले, दुर्गे. आता पायलेली पोरगी घरात ठिवून काय करतं?"

पाहणारे हजारो होते, आणि पाप एकटीचं होतं.

वय कोणी विचारलं नाही, कारण ते सगळ्यांना माहीत होतं. मुख्याध्यापक म्हणाले, आपण शिक्षक आहोत, पोलीस नाही, उद्या शाळेला गावाची गरज लागते. गावात असली लग्नं थांबवण्याची जबाबदारी ज्या साहेबावर असते, तो पहिल्या पंगतीला बसला आणि बुंदी दोनदा घेतली. मांडव शाळेच्याच आवारात पडला होता. भिंतीवर मोठ्या निळ्या आकड्यांत मुलांच्या मदतीचा फोन नंबर रंगवलेला होता, एक शून्य नऊ आठ. मांडवाचं लाल कापड नेमकं त्याच्यावरून गेलं. मुद्दाम नव्हे. खिळाच तिथे होता.

वऱ्हाडाला उतरायला जानोसा डिजिटल वर्गात दिला होता, कारण पंखे तिथेच. दुपारी कोणा पोराने फळा चालू केला आणि नवरीचाच व्हिडिओ लावला. जीपवाले मित्र बाकांवर पाय टाकून नवरी पाहत होते. वाकड्या बाभळीवर कोणीतरी काहीतरी बोललं आणि खूप हसणं झालं. हळद लागलेली योगिनी व्हरांड्यातून जाताना खिडकीशी क्षणभर थांबली. आत ती शिकवत होती. बाहेर तिला मामीने दंडाला धरून पुढे नेलं. तिथून पुढचं तिला फारसं आठवत नाही. वैजयंती मॅडम आल्या होत्या, एवढं आठवतं. त्यांनी अक्षता टाकल्या आणि जेवून गेल्या. जाताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसरीकडे पाहिलं.

तर ते असं.

शेंगा सोलल्या त्या दिवशी संध्याकाळी नणंद वैभवी शाळेतून पळतच आली. ती आठवीत. वहिनीपेक्षा एका वर्गाने लहान, आणि उंचीने दोन बोटं मोठी. तिने वर्गात सगळ्यांना सांगून टाकलं होतं की ही माझी वयनी आहे. गुरुजींना खरं वाटेना. आता पोरं तिच्यामागे लागली होती की तुझ्या वयनीला विचार, मध्यगेचा भाग कुठे आहे?

"कुठंच नाही," योगिनी म्हणाली.

"काहून पण?"

"लग्न झालं ना."

वैभवी दप्तर ठेवायला आत गेली.

तिच्यामागून जीप आली. फाटकाचा आवाजच सांगत होता. स्टँडवर कोणीतरी ऋषिकेशला हटकलं होतं, का रे भाऊ, तू इथं शिटा भरून राह्यला आन तुझी बायको तिकडं पोरायले लंब दाखवून राह्यली. ऋषिकेश तसा मारहाण करणारा नव्हता. पण हसू झालेला नवरा होता, आणि ते वाईट. त्याने बापाला सांगितलं. उकंडराव खाटेवर उठून बसले आणि म्हणाले, घरची सून अशी चव्हाट्यावर दिसते म्हणजे काय? तो व्हिडिओ काढून टाकायला लावा. रुपाबाई म्हणाली, पहिलेच लावाचा होता.

ज्या पाहण्याने पोह्यांचा खर्च वाचवला, तेच पाहणं आता घराण्याच्या नाकाला झोंबलं.

ऋषिकेशने अंगणातूनच वैजयंती मॅडमना फोन लावला, स्पीकरवर. मॅडमचा आवाज आला. ऋषिकेशने चांगल्या शब्दांत सांगितलं. मॅडमही चांगल्या शब्दांत म्हणाल्या की काढते, पण नियम असा आहे, ज्या मुलीचा व्हिडिओ आहे तिची संमती हवी. तिने स्वतः सांगावं.

लग्नाला तिची संमती कोणी विचारली नव्हती. व्हिडिओ काढून टाकायला मात्र नियम होता.

"घे, बोल," ऋषिकेशने फोन तिच्यापुढे धरला. "'काढा' असं मन. दोन शब्द."

योगिनीने हातातलं सूप खाली ठेवलं. सगळे तिच्याकडे पाहत होते. सासरे खाटेवरून, सासू चुलीपाशी, वैभवी दारात, हातात गणिताचं पुस्तक, बोट पानात अडकवलेलं.

"योगिनी, कशी आहेस बेटा?" फोन म्हणाला. मग, "काढू का गं?"

तिला वाटत होतं आपण काढा म्हणू. सोपं होतं. इतके दिवस जे सांगितलं ते ती करतच होती, आणि करताना काही दुखत नव्हतं. पण शेंगा सोलून बोटांच्या टोकांची आग होत होती, आणि ती आता, अचानक, तिला जाणवली.

"नोका काढू, मॅडम."

"आंऽ?" रुपाबाई उठली. "काय मनून राह्यली थे?"

"नोका काढू," योगिनी पुन्हा म्हणाली. आवाज चढला नाही. वर्गात उत्तर द्यावं तसाच होता. "पुढचा भाग राह्यला हाये. मध्यगा. मले नववीत बसाचं हाये, मॅडम. मले पंधरावं सरलं नाही अजून. तुमाले माहीत होतं."

फोन कटला असं वाटून ऋषिकेशने स्क्रीन पाहिली. चालू होता.

"हो," मॅडम म्हणाल्या. "माहीत होतं. उद्या येते मी."

ऋषिकेशने फोन बंद केला. उकंडराव हसले. येऊ दे म्हणाले, त्या बाईच्या तोंडाले काय कुलूप लावाचं ते मले ठावं हाये. रुपाबाईने त्या रात्री सुनेला वाढलं नाही. वैभवीने आपल्या भाकरीतली अर्धी पदराआड, म्हणजे ओढणीआड, नेऊन दिली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीच्या सुमारास मॅडम आल्या. एकट्या नव्हत्या. जिल्ह्याच्या बालसंरक्षण कार्यालयातल्या एक बाई आणि एक महिला पोलीस बरोबर होत्या. उकंडरावांनी त्यांना बसायला खुर्च्या टाकल्या, पाणी दिलं, आणि मग ठेवणीतलं काढलं.

"मॅडम, अक्षता तुमीच टाकल्या. आमच्या पंगतीले बसून जेवल्या. आज कोण्या तोंडानं आल्या?"

"खाल्लं, भाऊ," वैजयंती मॅडम म्हणाल्या. "म्हणूनच आले."

एवढंच. त्या पुढे काही बोलल्या नाहीत, भाषण केलं नाही. कार्यालयातल्या बाईंनी योगिनीला बाजूला नेऊन विचारलं, तुला इथे राहायचं आहे का? हा प्रश्न तिला जन्मात पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. मग तिने नकाराची मान हलवली. चपला शोधल्या. एक चुलीपाशी होती, एक शेंगांच्या ढिगाखाली.

वैभवी फाटकापर्यंत आली. "वयनी," ती म्हणाली आणि थांबली, कारण आता हिला वयनी म्हणायचं की नाही हे तिला कळेना. "मंग मध्यगा?"

"शिरोबिंदूतून समोरच्या बाजूच्या बरोब्बर मधात," योगिनी म्हणाली. "थे कधी बाहीर पडत नाही. सोपी हाये. तुले येते." आणि फाटक ओलांडताना, "तुले कोणी पाहाले आलं तं मले फोन लाव."

शाळेच्या खिडक्यांत पोरांची डोकी दाटली होती. ओट्यांवर बाया होत्या, पारावर माणसं होती. सगळे पाहत होते. पाहण्यात आपला हात कोणी धरणार नाही. व्हिडिओ पाहिला, पोरगी पाहिली, लग्न पाहिलं, आता पोलीस बाईच्या मागे चालत जाणारी एक पोरगी पाहिली, आणि संध्याकाळी जेवून झोपले.

व्हिडिओ अजून तिथेच आहे. तिकडे अनसिंगजवळच्या त्या शाळेच्या आवारातला मांडव कधीच उतरला. लाल कापड निघालं, खिळा तेवढा राहिला, आणि त्याच्या खालचा निळा नंबर आता रस्त्यावरूनही स्पष्ट दिसतो. तो वाचायला आठवी शिकावी लागत नाही.